दहा वर्षांचा अनुभव आणि कापलेली हिरवी वायर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र वाचलं. पुस्तकं वाचून कुणाला काही येत नाही, अनुभव हाच खरा गुरू, आमच्या मोहल्ल्यातला चौथी पास मिस्त्री डिग्रीवाल्या इंजिनिअरला खिशात घालतो, आणि विजेवर एवढं संशोधन करणारा तो फॅरडे तरी कुठं कॉलेजात गेला होता, असा एकंदर सूर. पत्र झणझणीत होतं. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर ते मोठ्यानं वाचून झालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो, आता निवृत्त आहे. अर्धा दिवस फळ्यापुढे आणि अर्धा दिवस वर्कशॉपमध्ये, अशी हयात गेली. इंजिनिअर आम्हाला मिस्त्री समजतात आणि मिस्त्री आम्हाला मास्तर, त्यामुळे या भांडणात दोन्हीकडून ऐकून घ्यायची सवय आहे. म्हणून हे पत्र.

आधी त्या वाचकाच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू मी रोज डोळ्यांनी पाहिली आहे. स्क्रू किती आवळायचा हे पुस्तक वाचून येत नाही. सैल राहिला तर ती जागा तापते, वायरचं प्लास्टिक आधी मऊ पडतं, मग काळं होतं, आणि एक दिवस बोर्डातून धूर निघतो. जास्त आवळला तर तांब्याचे पेड तुटतात नाहीतर स्क्रूचे आटे जातात. मधली ती जागा मनगटालाच कळते आणि मनगटाला ती कळायला शंभर स्क्रू बिघडवावे लागतात. जळलेली मोटर उघडायच्या आधी मुरलेला वायंडर नुसता वास घेतो आणि सांगतो, वायंडिंग गेलं की वाचलं. बुश खाल्लेल्या पंख्याचा आवाज वेगळा, कंडेन्सर उतरलेल्या पंख्याची घरघर वेगळी. हे मी पोरांना फळ्यावर कधीच शिकवू शकलो नाही. पंखा समोर लावायचा, डोळे मिटायला सांगायचं आणि ऐकायला लावायचं, एवढंच.

आणि आपण नागपूरकरांनी तर यंत्रावर अनुभवाची सरशी उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. इथल्या चहाच्या टपरीवर मात्र कुणी विश्वास ठेवला नाही. ज्यानं मे २०१३ मधले ४७.९ अंश अंगावर काढले आहेत त्याला ५६ म्हणजे काय होईल याचा अंदाज असतो. पुढे हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हा अनुभवाला मी कमी लेखतो असं कृपया कुणी समजू नये.

आता त्याच मुरलेल्या मिस्त्रीची दुसरी बाजू.

ओळखीच्या एका घरी कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून मला बोलावलं. पत्र्याचा मोठा कूलर, खिडकीला स्टँडवर लावलेला, तिन्ही बाजूंना ताज्या वाळ्याच्या ताट्या. प्लग तीन पिनांचा, चांगला जाड. उघडला. आत लाल आणि काळी वायर व्यवस्थित आवळलेली, काम इतकं सुबक की आमच्या ट्रेडच्या प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी द्यावेत. आणि हिरवी वायर मुळाशी कापून, वर टेप गुंडाळून कोपऱ्यात दाबलेली. मिस्त्रीला फोन लावला. माणूस अनुभवी, हात स्वच्छ, आख्ख्या वस्तीचे कूलर तोच पाहतो. तो म्हणाला, "सर, दोन वायरवर चालते ना. तिसरी कायले लावाची? ते लावली का फ्यूज उडते उगाच."

उगाच! फ्यूज उगाच उडत नव्हता. टाकीतल्या पंपाचं सील गेलं होतं, आत पाणी शिरत होतं, वीज पाण्यात आणि पाण्यातून पत्र्यात उतरत होती. हिरवी वायर तीच वीज जमिनीत नेत होती, म्हणून फ्यूज उडत होता. म्हणजे रखवालदार ओरडत होता. मिस्त्रीनं रखवालदाराचं तोंड बांधलं. फ्यूज उडणं थांबलं, कूलर गार हवा फेकू लागला, घरचे खूश, मिस्त्रीचा पैसा चोख झाला, आणि "अर्थिंग काढली की तक्रार मिटते" हे ज्ञान त्याच्या अनुभवाच्या गाठोड्यात आणखी घट्ट बांधलं गेलं. पुढच्या घरी तो तेच करणार. बेइमानी म्हणून नाही. अनुभवानं त्याला तसंच शिकवलं म्हणून.

माझं सगळं म्हणणं या एका हिरव्या वायरीत आहे. लाल आणि काळी वायर रोज काम करते, त्यामुळे त्यांच्याबद्दल अनुभव रोज काहीतरी शिकवतो. हिरवी वायर वर्षानुवर्षं काहीच करत नाही. लावली तरी पंखा तितकाच फिरतो, कापली तरी तितकाच. हजार कूलर जोडणाऱ्याला हजार वेळा हेच दिसणार की तिचा उपयोग नाही. तिचं काम पडतं ते एखाद्याच दिवशी, काही क्षणांपुरतं, आणि त्या दिवशी ती जागेवर नसेल तर ज्याला अनुभव येतो तो माणूस तो सांगायला उरत नाही. असली गोष्ट अनुभवातून शिकायची तरी कशी? ती दुसऱ्यांच्या मरणातून शिकून कुणीतरी लिहून ठेवलेली असते, आणि वाचावीच लागते.

बटनाचंही तसंच. कूलर बंद करून पाणी भरा, असं सगळे सांगतात. पण बटन फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर आहे, की न्यूट्रलवर, म्हणजे ती परत नेणाऱ्या वायरवर? न्यूट्रलवर असलं तरी दाबताच पंखा तितक्याच निमूटपणे थांबतो. फरक डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. पण बटन बंद असूनही आत फेज तसाच उभा असतो. दोन पिनांचा प्लग असेल तर तो उलटसुलट कसाही बसतो, म्हणजे आज बटन फेज तोडतं आणि उद्या न्यूट्रल. म्हणून नुसतं बटन दाबून भागत नाही, प्लगच उपसावा लागतो. हे शहाणपण पंखा थांबण्याकडे कितीही वर्षं पाहून येणार नाही. ते यायला सर्किटचं चित्र डोळ्यांपुढे असावं लागतं.

आणि "आमच्याकडे अर्थिंग आहे" असं छातीठोक सांगणाऱ्या घरांबद्दलही थोडं. ओहम या जर्मन शाळामास्तरानं १८२७ मध्ये छापलेला नियम दहावीच्या पोरालाही येतो: व्होल्टला रोधानं, म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्यानं भागा, करंट मिळतो. ढोबळ हिशेब करून पाहा. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ५ अँपिअरचा फ्यूज लगेच उडेल, माणूस वाचेल. तोच रोध १०० ओहम झाला तर करंट २.३ अँपिअर. फ्यूजला पत्ताही लागणार नाही आणि कूलरचा पत्रा जिवंत राहील. रोध ५ चा १०० कसा होतो? जमीन वाळली की. आपल्या इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आकसते, पाइपापासून सुटते. म्हणजे बाकीचे आठ महिने ज्या अर्थिंगची कुणाला आठवण होत नाही ती नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या तोंडावर, ऐन कूलरच्या मोसमात, सगळ्यात कमजोर असते. जुन्या वाड्यांत अर्थिंगचा खड्डा मोरीच्या पाण्याजवळ काढत असत. तो काढणाऱ्याला ओहम ठाऊक नसेल, पण त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार. आता नव्या फ्लॅटच्या आवारात फरशा टाकून तो खड्डाच बुजवतात आणि वर गाड्या उभ्या करतात.

माणसाचं ओलं अंग ढोबळमानानं हजार ओहम धरतात. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. जीव घ्यायला हे पुष्कळ झालं, आणि कूलर स्वतः चालायला जेवढा करंट ओढतो त्याहूनही हे कमी. म्हणून "आमच्याकडे एमसीबी आहे, काही होत नाही" या समजुतीला अर्थ नाही. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटन. ती वायर वाचवते, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. गेलेला आणि परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते आणि तफावत दिसली की सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडते. तिच्यावर एक टेस्टचं बटन असतं, ते अधूनमधून दाबून पाहायचं असतं. किती घरांत ते कधी दाबलं गेलं आहे, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावं.

पाणी भरताना कूलर चालूच ठेवणाऱ्या एका बाईंना मी टोकलं होतं. अनवाणी, फरशी ओली, हातात पाइप. त्या हसून म्हणाल्या, "धा वर्सं झाली सर, असंच भरतो आमी. काही नाई होत." त्या खोटं बोलत नव्हत्या. दहा वर्षं खरंच काही झालं नव्हतं, कारण दहा वर्षं पंपाचं सील शाबूत होतं. त्यांच्या अनुभवानं त्यांना सीलबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हता.

एवढं लिहिल्यावर कुणी म्हणेल, मास्तर शेवटी पुस्तकाच्या बाजूनं वळला. तसं नाही. जुन्या उस्तादांची एक रीत सांगतो. संशय आलेल्या लोखंडी वस्तूला ते कधी तळहात लावत नाहीत, बोटांची मागची बाजू निसटती लावतात. माझ्या पहिल्या उस्तादानं मला तीच शिकवली. कारण विचारलं तर म्हणाला, "सीध्या हातानं पकडून घेते ती, उलट्या हातानं फेकते." वीज धरते, वीज ओढते, असं त्याचं शास्त्र. पुढे पुस्तकात खरं कारण मिळालं: साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात, मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरकस असतात, त्यामुळे तळहातानं धरलेली वस्तू सुटत नाही, आणि मागून लागलेला हात आपोआप मागे येतो. कारण चुकीचं होतं, रीत अचूक होती. ती रीत पुस्तक लिहिणाऱ्यानं नाही, हात भाजलेल्यांनी शोधली. पण कारण कळल्यावर मला आणखी एक गोष्ट उमगली जी उस्तादाला उमगली नव्हती: ही रीत टेस्टरची जागा घेऊ शकत नाही, कारण करंट वाढला तर उलटा हातही वाचवत नाही. त्याचा तिच्यावर जरा जास्तच भरवसा होता.

पुस्तकाच्या बाजूचीही लाज झाकून ठेवत नाही. आमच्याकडे थिअरीची परीक्षा आता संगणकावर, चार पर्यायांतून एक निवडायचा. एका हुशार मुलाला मी विचारलं, तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन लांब का असते? पोरगं धडाधड बोललं: घालताना ती आधी लागते, काढताना शेवटी सुटते, त्यामुळे वस्तूला वीज मिळण्याआधी तिचा पत्रा जमिनीशी जोडला जातो. उत्तर बिनचूक. मग मी त्याच्या हातात एक कूलर दिला, म्हटलं तपास आणि चालू कर. त्यानं प्लग सॉकेटमध्ये घातला आणि बटन दाबलं. प्लग उघडून हिरवी वायर आहे की नाही हे त्यानं पाहिलंच नाही. लांब पिन त्याच्या डोक्यात होती, त्या पिनेला आतून काही जोडलेलं असावं लागतं हे डोक्यात नव्हतं. गाइड पाठ करून आलेल्याला प्रश्न दिसतो, वस्तू दिसत नाही. त्या दिवसापासून मी एक नेम केला. वर्कशॉपमधल्या दोन-चार प्लगांतल्या हिरव्या वायरी मीच काढून ठेवायचो, टेबल बंद असताना, आणि पोरांना त्या शोधायला लावायचो. सिरीजमध्ये बल्ब लावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये पाहायचं: बल्ब पुरा पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थिंग नावापुरती, पेटलाच नाही तर वायर गायब. (वाचकांनी हे घरी करू नये, लायसन्सवाल्या वायरमनला करायला सांगावं, आणि आपण शेजारी उभं राहून पाहावं.) एकदा मिणमिणता बल्ब डोळ्यांनी पाहिला की ओहमचा नियम पोरं विसरत नाहीत.

फॅरडेचं म्हणाल, तर तो कॉलेजात गेला नव्हता हे खरं. पण तो १८०५ पासून लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होता, आणि बांधायला आलेली पुस्तकं बांधण्याआधी वाचून काढायचा. विजेवरचा विश्वकोशातला लेख त्यानं तसाच वाचला आणि वाचलेलं खरं की खोटं ते जमेल तेवढ्या सामानानं करून पाहिलं. त्या काळचा नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ डेव्ही याची व्याख्यानं ऐकून त्यानं त्यांच्या टिपणांची वहीच बांधली आणि ती डेव्हीला पाठवली, त्या ओळखीतून त्याला १८१३ मध्ये डेव्हीच्याच विज्ञानसंस्थेत, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, नोकरी मिळाली. पुस्तकं जाळा म्हणणाऱ्यांनी निदान हे उदाहरण तरी घेऊ नये.

आता आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्राकडे येतो.

दर उन्हाळ्यात आपल्या पानावर कूलरचा शॉक लागून गेलेल्यांच्या बातम्या येतात. त्यात लहान मुलं असतात, पाणी भरायला गेलेल्या बाया असतात. महावितरण मार्चपासून सूचना काढतं, त्या आपण चौकटीत छापता, त्याबद्दल आभार. पण ती चौकट मिस्त्रीच्या डोक्यात शिरत नाही, कारण त्याला ती माहीतच असते, तिचं "काऊन", म्हणजे का ते, माहीत नसतं. आणि बातमी? नाव, वय, वस्ती, पोलिस ठाणं, आकस्मिक मृत्यूची नोंद, संपलं. त्या कूलरचं काय झालं होतं हे एका ओळीत कधी येत नाही. माणूस गेला आणि त्याच्या जाण्यातून जे शिकता आलं असतं तेही त्याच्याबरोबर गेलं. शेजारच्या घरी तसाच कूलर, तोच मिस्त्री, तसलाच टेप गुंडाळलेला प्लग, आणि त्या घरचे बातमी वाचून म्हणतात, नशीब बिचारीचं.

वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या अपघाताची खबर द्यावी लागते आणि चौकशीची तरतूद आहे. विद्युत निरीक्षक ती करतात. त्यांच्या कागदात काय लिहिलं जातं ते वाचकापर्यंत येत नाही. तुमच्या बातमीदारांना माझी विनंती आहे की घटनेनंतर आठ-पंधरा दिवसांनी त्या कार्यालयात एक चक्कर मारावी आणि चार प्रश्न विचारावेत. प्लगमध्ये हिरवी वायर होती का? असल्यास अर्थिंगचा रोध मोजला का, किती भरला? घरात आरसीसीबी होती का, आणि असून चालली नाही का? पाणी भरताना प्लग काढला होता की नुसतं बटन बंद होतं? उत्तरं दोन ओळींत मावतील. कुणाचं नाव छापायची गरज नाही, घराचा पत्ता तर नकोच, फक्त वस्तूचं काय झालं होतं तेवढं.

दोन-तीन उन्हाळे असं छापून आलं तर आयटीआयच्या पोरांना शिकवायला माझ्या सहकाऱ्यांच्या हातात आपल्याच गावातल्या केसेस येतील. सध्या ते पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांवर भागवतात. कात्रणं कापून भिंतीवर लावायचं काम मी स्वतः करीन, निवृत्त माणसाला वेळ असतो. मिस्त्री लोकही वाचतील, त्यांना अपघाताच्या बातम्या वाचायला आवडतात. त्या हिरवी वायर कापणाऱ्या मिस्त्रीला मी पंपाचं फुटलेलं सील हातात धरून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ ते उलटसुलट करून पाहत राहिला आणि मग त्यानं विचारलं, "मंग सर, ह्या गल्लीत जेवढ्याईच्या म्या कापल्या त्याईचं काय?" त्याच संध्याकाळी आम्ही दोघं घरोघरी गेलो. काहींनी दार उघडलं, काहींनी उद्या या म्हटलं, एकानं विचारलं की चार्ज किती लागेल. त्या बाईंच्या घरचा पंप अजून शाबूत निघाला, तरी आम्ही तो बदलून घ्यायला लावला.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री),
मानेवाडा, नागपूर